आपला राघू आणि मॉरिशसचा पोपट



गळ्याला गुलाबी कंठ असलेला राघू कोणाला ठाऊक नाही? पूर्वी कितीतरी घरांच्या ओट्यावर त्याचा पिंजरा टांगलेला असे. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत पहिला ‘बंध’, म्हणजे जिवाला बांधून ठेवणे; तरी राघूच्या बाबतीत तो कोणाच्या फारसा मनात येत नसे. हाच राघू जहाजातून मॉरिशसला गेला आणि 1886 च्या सुमारास पिंजऱ्यातून सुटून तिथल्या रानात रुळला.

त्या बेटाचा स्वतःचा एक पोपट होता, एको पॅराकीट. रंगाने आपल्या राघूसारखाच हिरवा, पण अंगाने भरलेला, शेपूट आखूड.

त्याच्या हलाखीचा सगळा दोष राघूला देता येणार नाही. पहिला घाव कुऱ्हाडीचा. 1638 मध्ये डच वस्तीला आले, मग फ्रेंच, मग इंग्रज. आधी आबनुसाचे लाकूड नेले, पुढे उसासाठी रान तोडले. 1834 पासून त्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले. त्यांत आपल्या कोकणातली मराठी माणसेही होती. चांगले मूळ रान आता दोन टक्केही उरलेले नाही. जुने झाड गेले की ढोली गेली, आणि एको अंडी घालतो ढोलीतच. उरल्यासुरल्या ढोलींत राघू शिरला. त्याचे पोट शेतात, बागेत कुठेही भरते. एकोला मात्र मूळ रानातलीच फळे-पाने लागतात. शिवाय घरट्यावर उंदीर आणि माकडे टपलेली. तीही माणसानेच आणलेली.

1980 च्या दशकात एको जेमतेम दहा-बारा उरले होते, त्यांत माद्या तीनच माहीत होत्या. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यातली जादा पिल्ले हाताने वाढवली, झाडांना लाकडी पेट्या टांगल्या, माकड चढू नये म्हणून बुंध्यांना गुळगुळीत प्लास्टिक गुंडाळले. उंदरांसाठी मात्र विष ठेवले. इथे माझे मन अडते. एका जिवासाठी दुसरा मारणे पटत नाही. पण विष नको तर पिल्ले कशी राखायची, याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

2005 च्या सुमारास चोच-पिसांच्या रोगाची साथ आली. पिसे झडतात, चोच बिघडते, औषध नाही. हा रोग तिथल्या राघूंमध्येही सापडतो. तरी एको वाढले, 2007 मध्ये ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून बाहेर आले, आणि आज काहीशे आहेत. त्यांतले बरेचसे अजून माणसांनी टांगलेल्या पेट्यांतच अंडी घालतात.