जवारी

प्रदेशानुसार अर्थ बदलणारा मराठी–कन्नड सीमाभागातील शब्द. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातल्या औराद, भालकी, बसवकल्याण भागातील मराठी बोलीत जवारी म्हणजे ज्वारीचे धान्य. भाकरी होते ती त्याची. उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये मात्र या धान्याला ‘जोळ’ म्हणतात आणि ‘जवारी’ हे विशेषण ठरते: देशी, गावठी, संकरित नव्हे असे. जवारी कोंबडी, जवारी काकडी, इतकेच काय, गावरान ढंगाचे बोलणेही जवारी. संकरित ज्वारीचे सीएसएच-१ हे वाण १९६४ मध्ये आले. आज बाजारात जवारीचा विरुद्धार्थी शब्द ‘हायब्रीड’ हाच आहे. हा कन्नड अर्थ बेळगाव, कोल्हापूरच्या मराठीतही रुळला असून संकेश्वरी जवारी मिरची त्याच अर्थाने प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातील पाहुण्याला त्या मिरचीत धान्य शोधावेसे वाटले तर नवल नाही.

बीदर, गुलबर्गा (आता कलबुर्गी) हे जिल्हे १९५६ पर्यंत मराठवाड्यासह हैदराबाद राज्यात होते. त्यामुळे या जिल्ह्यांतील आळंद, बसवकल्याणच्या बाजारांत दोन्ही भाषा कानी पडतात, तेव्हा अर्थ संदर्भानेच ठरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर साधली जाणारी, स्वराला गुंजन देणारी जवारी ही संज्ञा निराळी.