मागावर चढलेले सूत

नागपूरच्या आग्नेयेस वसलेल्या उमरेडची जुनी ख्याती तेथील कोष्ट्यांच्या मागांमुळे आहे. रेशीमकाठी सुती वस्त्रे हा या गावाचा विशेष. नागपुरास १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली व यंत्राच्या कापडाने बाजार भरू लागला, तरी त्यानंतर पुष्कळ वर्षे उमरेडचा हातमाग चालत राहिला. या धंद्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ताणा लावून सूत एकदा मागावर चढविले, म्हणजे विणकरास मन बदलण्याची सोय फारशी उरत नाही. अर्ध्या वस्त्रास गिऱ्हाईक नसते आणि उतरविलेले सूत पूर्ववत होत नाही. त्याचा निश्चय जितका त्याच्या स्वभावात, तितकाच त्या ताण्यातही असतो.

निश्चयाची थोरवी आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु तो टिकतो कशाने, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास नागपुरातच १९१६ साली आरंभिलेल्या एका कार्याचा इतिहास उपयोगी पडेल, असे आम्हास वाटते.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूर येथे झाला व शालेय शिक्षण अमरावतीस. १९०६ साली ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन १९१२ साली स्वदेशी परतले. जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा ग्रंथ तत्पूर्वीच प्रसिद्ध झाला होता. एखादी अध्यापकाची जागा पत्करून स्वस्थ राहावे, तर त्यास कोणी नाव ठेवले नसते. परंतु मराठीत सर्वविषयसंग्राहक ज्ञानकोश व्हावा, ही आकांक्षा त्यांनी मनात धरली.

येथपर्यंतची गोष्ट इतर अनेकांच्या मनोरथांसारखीच आहे. केतकरांचे वेगळेपण यापुढे दिसते. त्यांनी आपला संकल्प मनात ठेविला नाही. नागपूर येथे मर्यादित भांडवलाची मंडळी स्थापून त्यास कायद्याचे रूप दिले. भागीदारांचे पैसे घेतले, गावोगाव स्वतः फिरून वर्गणीदार मिळविले, लेखक-संपादकांचा वर्ग जमविला. जी गोष्ट काल एका माणसाची इच्छा होती, ती आज शेकडो लोकांचे येणे झाली. सूत मागावर चढले, ते असे.

पुढे हे कार्य पुण्यास हलले. १९२० पासून खंड निघू लागले आणि दशक संपण्याच्या आत तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ पुरा झाला. पहिले पाच प्रस्तावनाखंड, त्यानंतर अकारविल्हे रचलेले सोळा शरीरखंड आणि शेवटी सूचिखंड व हिंदुस्थानखंड, अशी त्याची मांडणी आहे.

यावर कोणी म्हणेल की, दृढ निश्चय असला म्हणजे सर्व साधते, याचाच हा दाखला झाला. आम्हास तसे वाटत नाही. नागपुरात ज्यांचे शिक्षण झाले व जे मराठी उत्तम जाणत, त्या कोमर्राजू लक्ष्मणराव यांनी केतकरांच्या आधीच तेलुगू ज्ञानकोशाचे काम हाती घेतले होते. त्यांची विद्वत्ता वा निष्ठा तिळमात्र उणी नव्हती. परंतु तीन खंड झाल्यावर १९२३ साली मृत्यूने त्यांस गाठले व त्यांच्या हातून ते कार्य पुरे झाले नाही. तेव्हा निश्चय हा सिद्धीचा एक पाय आहे. दुसरा पाय आयुष्य, द्रव्य व सहकारी यांचा. अपुऱ्या राहिलेल्या कार्यावरून कर्त्याच्या निष्ठेचे माप काढणे हा अन्याय होय.

शिवाय निष्ठेची किंमतही मोजावी लागते. एवढा ग्रंथराज पुरा करूनही केतकरांच्या संसारास सुबत्ता लाभली नाही. त्यांच्या उत्तरायुष्यातील ओढग्रस्त सुप्रसिद्ध आहे, आणि १९३७ साली वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. त्या ओढीचा भार त्यांच्या पत्नी शीलवतीबाई यांनीही वाहिला. घरातील एकाने व्रत घेतले, म्हणजे त्याचे उपवास इतरांसही घडतात. थोरांच्या चरित्रांत ही बाजू बहुधा दोन ओळींत उरकली जाते.

मग या सर्वांचे फळ काय? तेवीस खंड तर आहेतच. पण आणखी एक आहे. ज्ञानकोशाच्या कार्यालयात तयार झालेले यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हाती घेतला आणि १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात विभाग प्रसिद्ध केले. मोठे काम नेमाने शेवटास कसे न्यावे, हे ज्यांनी रोजच्या रोज पाहिले, त्यांस ते निराळे शिकवावे लागले नाही.

आपल्या घरांतून मुलांस ‘निश्चय कर’ असा उपदेश आपण सहज करतो. त्याबरोबर आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, असे आमचे मत आहे. एक, जे करावयाचे ते चार माणसांच्या साक्षीने व त्यांच्या हिशेबात धरून करावे, म्हणजे कंटाळ्याच्या दिवशीही हात चालू राहतो. दुसरी, ताणा लावण्यापूर्वी सूत किती आहे व घरातील कोणाच्या वाट्याचे आहे, हे पाहून घ्यावे. उमरेडचा विणकर या दोन्ही गोष्टी न शिकविता जाणत असे.