तळटीप १४ : पॅट समिट
१४. पॅट समिट (१९५२–२०१६) : अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या १९७४ ते २०१२ या काळातील मुख्य प्रशिक्षक. बाविसाव्या वर्षी ही जबाबदारी आली तेव्हा संघाची गाडी चालवणे आणि खेळाडूंचे गणवेश धुणे हेही त्यांच्याच वाट्याला होते. मुलींच्या खेळाकडे विद्यापीठे तेव्हा किती कमी लक्ष देत, हे त्यावरून कळावे. पुढे १,०९८ विजय, आठ राष्ट्रीय विजेतेपदे. ऑलिंपिकमध्ये १९७६ साली खेळाडू म्हणून रौप्य, १९८४ साली प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. मजकुरातील ‘शेवटचा हंगाम’ म्हणजे २०११-१२चा. आपल्याला अल्झायमर झाल्याचे त्यांनी ऑगस्ट २०११मध्ये स्वतःच जाहीर केले होते. तरीही तो हंगाम त्यांनी पूर्ण केला.