अकीक यमनचा की दख्खनचा?

आमच्या आजोबांच्या बोटात अकीकच्या खड्याची चांदीची अंगठी असे. हा खडा यमनचा, एका हाजीसाहेबांनी मक्केहून आणलेला, असे ते मोठ्या अभिमानाने सांगत. आज ती अंगठी आमच्याकडे आहे. तिच्यातला खडा खरोखर यमनचा असेलही. यमनी अकीक प्रसिद्धच आहे. पण एका लहान मुलामुळे आम्हाला याविषयी शंका आली आणि आम्ही पुस्तके चाळू लागलो.

पावसाळा संपत आला होता. खारघरच्या डोंगरपायथ्याशी मुलांना सहलीला नेले होते. एकाने ओढ्यातून एक फुटका दगड उचलून आणला. बाहेरून काळा, आत पोकळी, आणि त्या पोकळीत साखरेसारखे पांढरे स्फटिक. "ये हीरा है क्या?" त्याने विचारले. आम्ही बोलायच्या आधीच दुसरा म्हणाला, "फेंक दे, पत्थर है." आमच्या मते या दोन वाक्यांत आपल्याकडचा दगडांचा सगळा इतिहास आला आहे.

इतर देशांत दगड शोधणे हा रविवारचा छंद आहे. अमेरिकेतील अर्कान्सास राज्यात 'क्रेटर ऑफ डायमंड्स' नावाचे सरकारी उद्यान 1972 पासून आहे. तिकीट काढायचे, माती चाळायची आणि हिरा सापडला तर खुशाल घरी न्यायचा. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये लोक परवाना काढून नीलम शोधतात, नदीच्या वाळूत सोने धुतात. आमच्या नवी मुंबईत सोने नाही, हिराही नाही. आहे तो काळा फत्तर. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. त्या रसातील वायूचे बुडबुडे थिजल्यावर पोकळ्या उरल्या. त्यांत खनिजांचे पाणी झिरपले आणि कुठे स्फटिक, कुठे झिओलाइट, कुठे अकीक जमले. मुलाच्या हातातला दगड म्हणजे असाच एक बुडबुडा होता.

या दगडाची कीर्ती मात्र फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणचा उल्लेख आहे. तिथून अकीकच्या जातीचे दगड गाड्यांत भरून वीस दिवसांच्या वाटेने भडोचला जात आणि तिथून समुद्रापार. म्हणजे इस्लामच्या आगमनाआधी सहाशे वर्षे आपल्या गोदाकाठचा खडा परदेशी बाजारात पोचला होता.

पुढे भडोच जिल्ह्यातील रतनपूरच्या खाणी आणि खंबायतचे कारागीर यांनी या धंद्यात नाव मिळवले. 1516 च्या सुमारास पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा याने या अकीकबद्दल लिहून ठेवले आहे. रतनपूरचा अकीकही मूळचा दख्खनच्याच लाव्हातला. पाण्याने वाहून तिथल्या गोट्यांच्या थरात येऊन पडलेला. तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. बाबा घोर हे हबशी, आणि अकीकचा धंदा त्यांनी वाढवला अशी श्रद्धा आहे. सिद्दी लोक त्यांना आपले पीर मानतात. मणी घडवणारे कारागीरही त्यांना मानतात. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांच्या चांदीच्या अंगठीतला खडा 'हबशी' होता असे हदीसमध्ये येते. ते वाचताना आम्हाला रतनपूरची टेकडी आठवते. खंबायतचा माल अरबस्तानात जात असे. तेव्हा आपल्याच मातीचा खडा मक्केच्या बाजारातून 'यमनी' होऊन आजोबांच्या बोटात परत आला असेल तर त्यात नवल काय?

परंतु या लालीची किंमत कोणी मोजली? कच्चा अकीक बहुधा फिका, मातकट असतो. मडक्यात घालून, विस्तवात भाजून त्याला लाल रंग आणतात. मग तो सहाणेवर घासतात. ती बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत जाते. खंबायतच्या कारागिरांमधला सिलिकोसिस हा रोग डॉक्टरांनी नोंदवलेला आहे. खडा बोटात बसतो, धूळ फुफ्फुसात बसते.

इंग्रज आले तेव्हा त्यांनी या दगडांना नावे दिली. 1831 मध्ये ब्रूक नावाच्या खनिजतज्ज्ञाने एका खनिजाला पुण्यावरून 'पूनालाइट' म्हटले. ते वेगळे खनिज नव्हे असे पुढे ठरले आणि नाव मागे पडले. 1856 ते 1863 या काळात बोरघाटाची रेल्वे झाली. बोगदे फोडताना सुंदर स्फटिक निघाले. त्यांतले काही साहेबांच्या संग्रहातून विलायतेला गेले. सुरुंग लावणारे हजारो मजूर मात्र पटकी-तापाने तिथेच संपले. त्यांची नावे कोणत्याही कपाटावर नाहीत. 1980 नंतरच्या दशकात वाघोलीच्या दगडखाणीतून निळेशार कॅव्हॅन्साइट निघाले आणि जगभरचे संग्राहक पुण्याकडे वळले. सिन्नरला 2001 मध्ये गारगोटी संग्रहालय उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट.

आणि आमचे शहर? 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. त्यानंतर हे शहर याच डोंगरांची खडी घालून उभे राहिले. विमानतळासाठी उलव्याची सुमारे 90 मीटर उंचीची टेकडी सुरुंगांनी उडवली आणि 2025 च्या डिसेंबरात तिथून विमाने उडू लागली. त्या टेकडीच्या पोटातले किती स्फटिक क्रशरमध्ये गेले असतील! विकासाला आमचा विरोध नाही. पण एक ढेकूळ तरी शाळेच्या कपाटात यायला हवे होते.

म्हणून मुलांनी बागा आणि डोंगर खणत सुटावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. 1966 च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे भूमीतील खनिजांवर सरकारचा हक्क आहे, आणि जुन्या दगडखाणींच्या कड्याखाली जाणे जिवाशी खेळ आहे. पण खडी पडलेल्या रस्त्याकडेला वाकून पाहायला काय हरकत आहे? पाहावे, ओळखावे, जागा नि तारीख लिहून ठेवावी.

त्या मुलाला आम्ही सांगितले, "हीरा नहीं है बेटा, लेकिन फेंकना मत." दगड वर्गातल्या खिडकीत ठेवला आहे. शेजारी चिठ्ठी आहे: खारघर, आणि त्या मुलाचे नाव. एक दिवस आजोबांची अंगठीही आम्ही वर्गात नेली आणि दगडाशेजारी ठेवली. मुले बराच वेळ कधी या खड्याकडे, कधी त्या दगडाकडे पाहत राहिली.