हरकती व सूचना मागवण्याची कुळकथा

राजपत्रातल्या मसुदा अधिसूचनेची भाषा ठरलेली असते. आधी कायद्याचं नाव आणि कलम. मग ‘बाधित होण्याचा संभव असलेल्या सर्व व्यक्तींच्या माहितीकरिता’ हे शब्द. मग एक तारीख: त्या दिवशी किंवा त्यानंतर शासन मसुदा विचारात घेईल, आणि तोवर आलेल्या हरकती व सूचनांचा विचार करील. बेकरीवाला, पिठाची गिरणी चालवणारा, चार यंत्रमाग टाकलेला विणकर यांच्या धंद्याला उद्या लागू होणारा नियम आज याच मजकुरातून त्यांच्यापुढे येतो. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. म्हणून हा मजकूर आला कुठून, हे सांगायला हवं.

ज्याला नियम पाळायचा आहे त्याला आधी विचारावं, ही कल्पना राज्यकर्त्यांना सहज सुचलेली नाही. 1878 मध्ये इंग्रज सरकारनं व्यापारधंद्यांवर परवाना कर बसवला. छोट्या दुकानदारांनाही त्याची झळ बसली. त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या सुरतेत बाजार बंद पडला आणि दंगल उसळली. आधी ऐकून घेण्याची रीत नसली, की लोकांचं म्हणणं असं रस्त्यावर येतं.

ब्रिटनमध्ये 1893 च्या कायद्यानं अनेक नियमांसाठी किमान चाळीस दिवसांची पूर्वसूचना लंडनच्या राजपत्रात देणं बंधनकारक केलं. आपल्याकडची वाट 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमानं बांधली. त्याचं कलम 23 म्हणजे या प्रथेचा मूळपुरुष. नियमाचा मसुदा प्रसिद्ध करा, विचाराची तारीख सांगा, त्याआधी आलेल्या हरकती आणि सूचना विचारात घ्या, असा क्रम त्यानं घालून दिला. 1904 मध्ये मुंबई इलाख्यासाठी वेगळा अधिनियम झाला आणि त्याच्या कलम 24 मध्ये हाच क्रम आला. महाराष्ट्राच्या नियमांना आजही तोच आधार आहे.

या कलमात दोन उणिवा तेव्हापासून राहिल्या. मूळ कायद्यात ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ असे शब्द असतील तरच ते लागू होतं. आणि मुदत किती द्यायची, हे त्यात कुठेच नाही. शिवाय पूर्वप्रसिद्धीनंतर केलेला म्हणून अंतिम नियम राजपत्रात एकदा छापला, की तो रीतसर झाल्याचा तो निर्णायक पुरावा ठरतो. म्हणून जे बोलायचं ते मसुद्याच्या टप्प्यावरच बोलावं लागतं.

मुदतीची उणीव पुढच्या काही कायद्यांनी आपापल्या परीनं भरून काढली. 1948 चा किमान वेतन अधिनियम हे त्याचं ठळक उदाहरण. त्याच्या मूळ अनुसूचीत तांदूळ, पीठ आणि डाळीच्या गिरण्या होत्या, तेलगिरण्या होत्या, विड्यांचे कारखाने होते. म्हणजे गावोगावचे छोटे धंदे आणि तिथे राबणारे कामगार. सरकारनं दर प्रस्तावित करून जाहीर करायचे ठरवले, तर किमान दोन महिन्यांची मुदत देणं कलम 5 नं सक्तीचं केलं. कामगारानं दर कमी पडतो म्हणावं, मालकानं परवडत नाही म्हणावं, दोघांचं म्हणणं एकाच कागदावर यावं, ही त्यामागची समज. 2019 च्या वेतन संहितेनंही ही दोन महिन्यांची अट ठेवली.

लोकांना न सांगता केलेल्या कायद्याचं काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 1951 मध्ये हरला विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात सांगितलं. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळानं 1923 मध्ये ठराव करून अफूचा कायदा केला होता. तो राजपत्रात छापला नाही, इतर मार्गानं लोकांना कळवलाही नाही. पुढे त्याच कायद्याखाली हरलाला पन्नास रुपये दंड झाला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या कायद्याची लोकांना माहितीच नाही आणि वाजवी प्रयत्न करूनही होऊ शकत नाही, त्याखाली शिक्षा करणं नैसर्गिक न्यायाला धरून नाही, असं सांगून त्यांनी ती शिक्षा रद्द केली.

कायदा लोकांना कळलाच पाहिजे, हे यातून पक्कं झालं. करण्याआधी विचारलंही पाहिजे, हा पुढचा टप्पा रामपूर नगरपालिकेच्या पाणीपट्टीच्या खटल्यात आला. रझा बुलंद शुगर कंपनीच्या त्या खटल्यात न्यायालयानं म्हटलं, की कराचे प्रस्ताव प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. कारण ज्याच्यावर कर बसणार त्याला आधी म्हणणं मांडायची वाजवी संधी मिळायला हवी. प्रसिद्धीच्या पद्धतीत मात्र थोडी सूट चालेल. छोट्या व्यावसायिकाचं नुकसान या सुटीतच होतं. त्याच्यापर्यंत कागद पोचतो की नाही, हे पद्धतीवरच अवलंबून असतं.

अमेरिकेनं 1946 च्या प्रशासकीय कार्यपद्धती कायद्यानं आधी विचारण्याची ही रीत बहुतेक सर्व संघीय नियमांना लागू केली. 1980 मध्ये आणखी एक कायदा करून, नव्या नियमाचा छोट्या धंद्यांवर होणारा परिणाम तपासण्याची जबाबदारी सरकारी यंत्रणांवर टाकली. आपल्याकडे 2014 मध्ये केंद्रानं पूर्वविचारविनिमयाचं धोरण आखलं: मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा प्रसिद्ध करावा. पण ते धोरणच राहिलं. 2016 मध्ये मोबाइलच्या कॉल ड्रॉपच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं संसदेला असा सर्वसाधारण कायदा करण्याचं आवाहन केलं. तो अजून झालेला नाही.

भाषेचा प्रश्न 2020 मध्ये ऐरणीवर आला. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याचं आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांत भाषांतर करा, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं दिला आणि हरकतींची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. केंद्राचे मसुदे हिंदी-इंग्रजीत निघतात. इचलकरंजीच्या यंत्रमागधारकाला किंवा मालवणच्या खानावळवालीला ते मराठीत मिळाले नाहीत, तर हरकत घेण्याचा त्यांचा हक्क कागदावरच राहतो.

या कुळकथेतून आजचं काम स्पष्ट दिसतं. सरकारनं मसुदा मराठीत द्यावा, तो व्यापारी आणि कामगार संघटनांकडे धाडावा, आणि कोणती सूचना का स्वीकारली नाही ते लिहून कळवावं. व्यावसायिकानं नुसता निषेध नोंदवून थांबू नये. नियमाचा क्रमांक लिहावा, आपल्या हिशेबाच्या वहीतला खर्चाचा आकडा द्यावा आणि त्या जागी कोणतं वाक्य हवं तेही सुचवावं. अशी हरकत बाजूला सारणं अधिकाऱ्याला जड जातं. तालुक्याच्या व्यापारी संघानं राजपत्र नियमित वाचण्याचं काम एका माणसावर सोपवलं, तरी तारीख उलटून गेल्यावर हळहळण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही.