थांबवणं आणि संपवणं

विश्रामबागेत फिरताना बंगल्यांच्या कंपाउंडपाशी हमखास दिसणारं झाड म्हणजे सदाफुली. पाणी घाला, नका घालू, ती आपली फुलत राहते. याच झाडात सापडलेलं व्हिनक्रिस्टीन नावाचं औषध आज जगभर कॅन्सर झालेल्या कुत्र्यांच्या शिरेतून दिलं जातं. आमच्या बंड्यालाही ते दिलं गेलं.

बंड्या लॅब्राडोर, वय नऊ. जबड्याखाली दोन गाठी लागल्या, तपासणीत लिम्फोमा निघाला. किमोथेरपीसाठी पेठ नाक्यावरून हायवेला लागून पुण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. गाठी विरघळल्या, काही महिने छान गेले आणि त्या परत आल्या. डॉक्टर म्हणाले, "दुसरी औषधं वापरून पुन्हा सुरू करता येईल, किंवा इथे थांबता येईल. घरी बोला, मग सांगा." मी सॉफ्टवेअरवाला. एखादी सिस्टीम कळेनाशी झाली की ती कुणी, कधी आणि कशासाठी बनवली, हे आधी वाचायचं ही सवय. म्हणून या औषधांचा इतिहास वाचायला घेतला.

सदाफुली मूळची मादागास्करची. जमैकात तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ साली तिथून काही पानं कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात रॉबर्ट नोबल यांच्यापर्यंत पोचली. त्यांनी उंदरांवर प्रयोग केला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने कमी झाल्या. पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच तर रक्ताच्या कॅन्सरचा आजार. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली त्यातून व्हिनब्लास्टीन वेगळं काढलं. पुढे एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्याचं भावंड व्हिनक्रिस्टीन सापडलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

बंड्याच्या उपचारातली बाकीची औषधं याहून विचित्र ठिकाणांहून आली. सायक्लोफॉस्फामाइडचं मूळ युद्धात वापरल्या जाणाऱ्या मस्टर्ड वायूत आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४२ साली, येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी त्याच कुळातलं रसायन आधी उंदरांवर आणि मग लिम्फोमाच्या एका रुग्णावर वापरून पाहिलं. २ डिसेंबर १९४३ रोजी जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर बॉम्ब टाकले. तिथल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकन जहाजावर मस्टर्डचे बॉम्ब गुपचूप भरलेले होते. ते विष अंगावर घेतलेल्यांच्या पांढऱ्या पेशीही अशाच घटलेल्या आढळल्या. लालभडक दिसणारं डॉक्सोरुबिसिन आलं मातीतल्या एका जिवाणूपासून. ती माती कास्तेल देल मोंते या किल्ल्याजवळची, म्हणजे ज्या प्रांतात बारी बंदर आहे त्याच पुलिया प्रांतातली. या तिघांत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मिळवलं की झाली 'चॉप' ही उपचारपद्धती.

ही सगळी औषधं माणसांसाठी बनली. पण त्यामागच्या विज्ञानात कुत्र्याचा वाटा मोठा आहे. १८७६ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नोविन्स्की या पशुवैद्याने एका कुत्र्याची गाठ दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजवून दाखवली. कॅन्सर एका शरीरातून दुसऱ्या शरीरात यशस्वीपणे लावण्याचा हा पहिला प्रयोग मानला जातो. बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी १९९० चं नोबेल मिळवणारे डॉनल थॉमस आपलं बरंचसं काम कुत्र्यांवर करत होते. माणसाने कुत्र्याच्या अंगावर शिकून घेतलेलं काही ना काही, उशिरा का होईना, कुत्र्याकडे परत आलं.

मात्र परत येताना त्याचा हेतू बदलला, आणि तो बदल समजल्याशिवाय थांबण्याचा प्रश्न सुटत नाही.

नोविन्स्कीने वापरलेली गाठ आपल्या रस्त्यांवरच्या कुत्र्यांनाही होते. तिला टीव्हीटी म्हणतात. ती समागमातून पसरते. गंमत अशी की तिच्या पेशी आजारी कुत्र्याच्या नसतातच. हजारो वर्षांपूर्वी आशियात होऊन गेलेल्या एका कुत्र्याच्या त्या पेशी, एका अंगातून दुसऱ्या अंगात जात आजवर जिवंत राहिल्या आहेत. एवढी चिवट गाठ, पण आठवड्याला एक याप्रमाणे व्हिनक्रिस्टीनची काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. तिथे कुणी थांबायचं का असं विचारत नाही.

लिम्फोमात हेच औषध दुसऱ्याच बोलीवर दिलं जातं. उपचार न केल्यास कुत्र्याच्या हाती साधारण महिना-दीड महिना असतो. चॉप दिलं तर दहातल्या आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात, आणि निम्मी कुत्री वर्षभराच्या आसपास जगतात. दोन वर्षं ओलांडणारी थोडी. कायमची बरी होणारी फारच विरळा. हे पशुवैद्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं, म्हणून ते डोस मुद्दाम सौम्य ठेवतात. ल्युकेमिया झालेल्या लहान मुलाला आपण भयंकर त्रासातून नेतो, कारण पलीकडे त्याची पन्नास-साठ वर्षं उभी असतात. कुत्र्याला 'पुढच्या वर्षी' ही गोष्टच ठाऊक नसते. त्याला आजचा दिवस कळतो. म्हणून इथे औषधाने चांगले दिवस विकत घ्यायचे असतात. ते दिवस मिळेनासे झाले की थांबायचं, हे या उपचारात सुरुवातीपासूनच लिहिलेलं आहे.

हे मी घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "अजून एकदा करून बघू." आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याला मारायचं म्हणताय का?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर औषधांच्या इतिहासात नव्हतं. ते साबरमती आश्रमाच्या इतिहासात सापडलं.

१९२८ साली आश्रमातलं एक वासरू जायबंदी होऊन पडलं होतं. जमेल ती शुश्रूषा झाली. डॉक्टरांनी हात टेकले. त्याला कूस बदलतानाही असह्य वेदना होत होत्या. आश्रमाच्या कार्यकारी मंडळात चर्चा झाली. जो जीव देऊ शकत नाही त्याला जीव घेण्याचा अधिकार नाही, असा आक्षेप एका शेजाऱ्याने घेतला. गांधीजींचं म्हणणं असं की, स्वार्थासाठी जीव घेतला तर हा आक्षेप लागू पडेल, इथे स्वार्थ कुठे आहे? त्यांच्या समोर डॉक्टरांनी विषाचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांच्या आत सगळं आटोपलं.

३० सप्टेंबरच्या 'नवजीवन'मध्ये आणि ४ ऑक्टोबरच्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी हे स्वतःच लिहिलं, आणि एकच गदारोळ झाला. संतापलेली पत्रं येत राहिली. माणसालाही हाच न्याय लावाल का, स्वतःला लावाल का, असं विचारलं गेलं. गांधीजींनी होय म्हटलं. पण पुढच्या लेखनात त्यांनी चार अटी घातल्या. आजार असाध्य हवा. संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली हवी. कुठलीही मदत किंवा सेवा शक्य उरलेली नसावी. आणि रुग्णाला स्वतःची इच्छा सांगणं अशक्य असावं. यातली एक जरी अट अपुरी राहिली, तरी अहिंसेच्या दृष्टीने जीव घेणं समर्थनीय ठरत नाही.

या अटी मी चार-पाच वेळा वाचल्या. प्रोग्रॅमिंगच्या भाषेत बोलायचं तर चारही अटींमध्ये 'आणि' आहे, 'किंवा' कुठेच नाही. बंड्याच्या बाबतीत पहिली अट पुरी होत होती. दुसरी जवळजवळ. अडत होतं ते तिसऱ्या आणि चौथ्या अटीपाशी.

चौथी अट आमच्या भागात लगेच समजते. विश्रामबागेत नेमिनाथनगर आहे. ज्यांच्या नावाने ही वस्ती आहे त्या तीर्थंकर नेमिनाथांची कथा इथल्या जैन घरांतून लहानपणीच ऐकायला मिळते. लग्नाला निघाले असताना मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानावर पडला, आणि ते लग्न न करताच परतले. जनावरांनी शब्दांत काही सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याला ते कळलं होतं.

याच परंपरेत सल्लेखना आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे आचार्य शांतिसागर महाराज यांनी दृष्टी क्षीण झाल्यावर १९५५ साली कुंथलगिरीवर ती घेतली. अन्न सोडलं आणि १८ सप्टेंबरला देह ठेवला. सल्लेखनेबद्दल मतं काहीही असोत, ती ज्याची त्याने, शुद्धीवर असताना, मागून घ्यायची असते. कुत्रा असं व्रत मागू शकत नाही. मात्र बंड्या अगदीच मुका आहे असंही नाही. वाटी पुढे केल्यावर तोंड फिरवणं, पुण्याची गाडी दारात लागली की पलंगाखाली शिरणं, ही त्याची भाषा आहे. त्याला प्रस्ताव समजत नाही, पण काय नको आहे ते तो सांगतो.

उरली तिसरी अट, सेवेची. तिचा अर्थ मला मुंबईच्या केईएम रुग्णालयाने शिकवला.

नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी अत्याचार झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. पुढे त्यांना दयामरण द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. केईएमच्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला. त्या पिढ्यान्‌पिढ्या अरुणाताईंना भरवत होत्या, न्हाऊ घालत होत्या, आणि ते पुढेही करायची त्यांची तयारी होती. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली आणि या कर्मचाऱ्यांच्या इच्छेला मान दिला. त्याच निकालात, कडक अटींखाली उपचार काढून घेण्याचा मार्गही देशात पहिल्यांदा मोकळा झाला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या. परिचारिकांचं म्हणणं थोडक्यात गांधीजींच्या तिसऱ्या अटीचंच होतं. अजून सेवा शक्य आहे, आम्ही ती करतो आहोत.

माणूस आणि कुत्रा यांना एका तागडीत तोलायचं नाही. पण कायद्याने दोघांसाठी आखलेल्या रेषा शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. माणसाच्या बाबतीत उपचार थांबवायला परवानगी आहे, ९ मार्च २०१८ च्या निकालाने तर तशी इच्छा आधीच लिहून ठेवण्यालाही मान्यता दिली. इंजेक्शन देऊन संपवायला मात्र परवानगी नाही. जनावराच्या बाबतीत, वेदनेत तळमळणाऱ्या जिवाला संपवण्याची तरतूद १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १३ मध्ये आहे. कुत्र्याची किमो थांबवायची तर त्यासाठी कुठल्याच परवानगीची गरज नाही. म्हणजे थांबवणं आणि संपवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे कायद्याने केव्हाच ओळखलं आहे. आपल्या घरांत मात्र भीतीपोटी दोन्हींची गाठ मारली जाते. थांबलो म्हणजे मारलं असं वाटतं, म्हणून आपण थांबत नाही, आणि जनावर एका निरुपयोगी सुईतून दुसऱ्या सुईकडे जात राहतं. किंवा उलटं होतं. किमो बंद म्हणजे आता काही करण्यासारखं उरलंच नाही असं समजून त्याच आठवड्यात शेवटचं इंजेक्शन दिलं जातं. या दोन्हींच्या मध्ये जी जागा आहे, तिचं नाव सेवा.

ती जागा किती दिवसांची, हे मोजायलाही साधन आहे. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली सात प्रश्नांची एक यादी तयार केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. सत्तरपैकी पस्तीसच्या वर असेल तर जगणं सुसह्य धरायचं.

मी शीट बनवली आणि रोज रात्री आई आणि मी वेगवेगळे गुण भरू लागलो. हालचालीला मी सात द्यायचो, कारण तो चालत होता. आई चार द्यायची, कारण दूधवाल्याची बेल वाजली की तो आता उठत नव्हता. भूक मात्र ती माझ्यापेक्षा जास्त लावायची. दहीभात तिच्या हातून तो खायचा, माझ्या हातून नाही. पुण्याहून आल्यावरचे चार दिवस दोघांच्याही शीटमध्ये सगळ्यात खाली होते. शेवटी वाद घालावा लागला नाही. बाबांनी दोन्ही शीट पाहिल्या आणि पुण्याची पुढची तारीख स्वतः फोन करून रद्द केली.

आता बंड्याला फक्त प्रेडनिसोलोन चालू आहे. त्याने तहान फार लागते, म्हणून रात्री दोनदा बाहेर न्यावं लागतं. दीडला मी, चारला बाबा. वेदनेच्या गोळीची वेळ आईने कॅलेंडरवर लिहिली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की दिवस आता आठवड्यांत मोजायचे. दुसरा प्रश्न, इंजेक्शनचा, येणार आहे. श्वास घ्यायला त्रास होऊ लागला किंवा दहीभातही नको झाला, तर गांधीजींच्या चारही अटी एकदम पुऱ्या होतील, आणि त्या दिवशी आईच्या प्रश्नाला 'होय' म्हणावं लागेल.

तो दिवस अजून आलेला नाही. तोवर तिसरी अट अपुरी आहे, आणि ती अपुरी ठेवणं एवढंच काम सध्या आमच्या हातात आहे.