फळमाशी आणि सुगंधाचा सापळा

आंबा चिरावा आणि आत अळ्या वळवळताना दिसाव्यात, की सारे घर हळहळते. हा प्रताप फळमाशीचा. आपला कन्नड शेजारी तिला 'हण्णिन नोण' म्हणतो. भाषा दोन, नुकसान मात्र एकच.

मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी गरात वाढते आणि पुढे जमिनीत शिरून कोषात जाते. फवारलेले औषध गरातल्या अळीपर्यंत सहसा पोहोचत नाही. त्याचा अंश खाणाऱ्याच्या पोटात मात्र जाऊ शकतो. मग हिला आवरावे कसे?

उत्तराचा धागा बिहारमधील पुसा येथे सापडला. तेथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत हौलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास पळवण्यासाठी सिट्रोनेला तेल वापरले, तर फळमाश्याच भोवती जमल्या! हौलेट यांनी निरखून पाहिले, तो त्या साऱ्या नर. हे निरीक्षण त्यांनी १९१२ साली प्रसिद्ध केले. १९१५ पर्यंत त्यांनी त्या ओढीमागचे द्रव्यही ओळखले : मिथाइल युजेनॉल. आपल्या अंगणातल्या तुळशीतही ते असते.

पुढे १९६० च्या दशकात पॅसिफिक महासागरातील रोटा बेटावर या द्रव्यात थोडे विष मिसळून त्यात भिजवलेले तुकडे विमानातून टाकण्यात आले. नर संपले, माद्यांची अंडी वांझ राहिली आणि बेटावरून ती माशी नाहीशी झाली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळाही याच तत्त्वावरचा. विष सापळ्यातच राहते, फळावर पडत नाही.

२०१४ साली युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्याची आयात थांबवली. ती बंदी २०१५ मध्ये उठली. त्यावरून या एवढ्याशा माशीची किंमत कळावी.

परंतु वाचकहो, रोटाभोवती समुद्र होता. आपल्या बागेभोवती शेजाऱ्याची बाग आहे. सापळ्यात नर अडकतात. शेजारून आलेली फळलेली मादी मोकळीच राहते. म्हणून सापळे साऱ्या शिवारात एकाच वेळी लागले पाहिजेत, आणि गळलेली, किडकी फळे रोज वेचून नष्ट केली पाहिजेत. एकट्याने शहाणे होऊन येथे भागत नाही. माशीला बांध कळत नाही, तालुका कळत नाही, राज्याची सीमाही कळत नाही. तेव्हा बांधापलीकडच्या शेतकऱ्याशी बोलावे. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला, पण हंगामाच्या आधी बोला.